कीबोर्डला हात न लावणारे दिघे सर

दिघे सर वारलेले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. एखाद्या माणसाबद्दल असं आठवून लिहायला बसलं की वाचणारे हळहळायला लागतात. हळहळू नका. सरांना रिटायर होऊन दीड वर्ष झालं, शुगर नाही, बीपी नाही, गुडघेसुद्धा जन्माचेच आहेत. अशा माणसांना काही होत नाही, असं माझी आई म्हणायची, आणि माझी आई बहुतेक बाबतीत बरोबर निघाली.

इकडे हिंदी मुलखात, राऊच्या आमच्या कॉलेजात मी लायब्ररियन. कॉम्प्यूटर लॅब लायब्ररीला लागून, मध्ये भिंत नाही, काचेचं पार्टिशन. माझ्या टेबलाजवळची त्यातली एक काच कधीकाळी फुटली ती कुणी बसवलीच नाही. त्यामुळे लॅबमध्ये कुणी शिंकलं तरी मला कळायचं. सर यायच्या आधी लॅबची दशा काय सांगू! चाळीस मशीनं, त्यातली निम्मी आजारी. पोरं पेनड्राइव्हमधून गेम टाकायची, गेमबरोबर व्हायरस यायचा, आणि सोमवारी सकाळी प्रत्येक मशीनवर काहीतरी वेगळंच नाचत असायचं. दुरुस्तीवाला यायचा, 'फॉरमॅट मारना पड़ेगा भिया' म्हणायचा, चहा पिऊन जायचा. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

मग दिघे सर आले. बारीक, ताठ, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन रुमाल. एक तोंडाला, एक खुर्चीवर अंथरायला. पहिल्याच मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "कॉम्प्यूटर बिघडत नाही. माणूस बिघडवतो. तेव्हा आपण माणसाचा हातच काढून घेऊ."

त्यांनी मशीन चालवायला जे लिनक्स आणलं ते वेगळ्या जातीचं होतं. त्याचा गाभा कुलूपबंद. कुणाला त्यात काही घुसवता येत नाही, काढता येत नाही. अपडेट येतं ते चालू मशीनवर थापत नाहीत. शेजारी गुपचूप आख्खी नवी प्रत तयार होते. मशीन बंद करून चालू केलं की ते नव्या प्रतीवर उठतं. नवी प्रत खराब निघाली तर पुन्हा बंद-चालू करायचं, सुरुवातीला जी यादी दिसते तिच्यातली दुसरी ओळ निवडायची, की कालचं मशीन जसंच्या तसं हजर. मला कॉम्प्यूटरमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी मनात दोन गाद्या धरल्या. एकीवर झोपायचं, दुसरी घालून ठेवायची. नवी टोचली तर उठून जुनीवर जायचं. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "जोग मॅडम, तुमच्या बुद्धीला एवढं पुष्कळ आहे."

मी हसले होते. तेव्हा मला वाटलं, स्वभाव आहे बिचाऱ्याचा.

आणि खोटं कशाला बोलू, मी त्या सिस्टमच्या प्रेमात पडले. इन्स्पेक्शनची टीम यायची होती त्या दिवशी सकाळी माझ्या मशीनवर अपडेट आलं आणि पुस्तकांच्या लेबलांचा प्रिंटर मुका झाला. अडीचशे पुस्तकं टेबलावर, टीम खाली डायरेक्टर साहेबांच्या केबिनमध्ये समोसे खातेय, आणि मी प्रिंटरची वायर काढतेय, घालतेय. सर दारात उभे राहिले, हात पाठीमागे. "बंद करा. चालू करा. दुसरी ओळ. एंटर." दोन मिनिटांत प्रिंटर खडखडायला लागला. सही सांगते, मला रडू आलं. सासर, माहेर, नोकरी, तीस वर्षांत एकदा काही बिघडलं आणि कुणी म्हटलं की काही हरकत नाही, कालच्यावर परत जा, असं माझ्या बाबतीत कधी घडलेलं नव्हतं. मी सरांना पेढे दिले. त्यांनी रुमालात गुंडाळून घेतले.

तर हात पाठीमागे. ही सरांची खास बात. एवढी मोठी लॅब चालवणारा माणूस कीबोर्डला बोट लावायचा नाही. "शंभर लोकांची बोटं फिरलेली असतात त्यावर," म्हणायचे. दुसऱ्याच्या मागे उभं राहून सांगायचे, आणि पुढचा माणूस टाइप करायचा. हा पुढचा माणूस म्हणजे पल्लवी वानखेडे.

पल्लवी महूची. आजोबा पलटणीत होते, वडील शाळेत शिक्षक. ही कॉन्ट्रॅक्टवर लॅब टेक्निशियन, रोज महूहून बसनं यायची आणि माझ्याआधी पोचलेली असायची. तीन वर्षं पूर्ण झाली की परमनंट करतात, असा आमच्याकडचा रिवाज. तिचं तिसरं वर्ष चाललं होतं. तिच्या आईनं राऊमध्ये दोन खोल्याही बघून ठेवल्या होत्या, लेटर हातात पडलं की दोघी इकडे येणार. दुपारी डबा खाताना ती मला त्या खोल्यांचं वर्णन करायची. ओटा पूर्वेला आहे, मॅडम, सकाळी ऊन येतं. इतक्यांदा ऐकलं की तो ओटा मी स्वतः पुसला असावा असं मला वाटायला लागलं.

सरांनी सगळी अपडेटं तिच्या खात्यावरून करायचा नियम केला. तिचं नाव, तिचा पासवर्ड. "तुझ्या नावानं होऊ दे. रेकॉर्ड बनेल तुझं," म्हणायचे. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे म्हणालो, वा, सीनियर असावा तर असा, श्रेयसुद्धा जूनियरला देतो.

पल्लवी डबा पुढे करायची, "सर, घ्या ना." सर म्हणायचे, "आज उपास आहे." सोमवारी उपास, शनिवारी उपास, इथपर्यंत ठीक. बुधवारीही उपास? आणि चार वाजता कँटीनमध्ये कचोरी? माझ्या डब्यातली थालीपीठं मात्र ते उपासाच्याच दिवशी मागून खायचे. पल्लवीला कळत होतं. मलाही कळत होतं. सहा महिन्यांनी तिनं विचारणं सोडलं, आणि मी तिला म्हटलं, "जाऊ दे गं, जुन्या वळणाचे आहेत." केवढी अक्कल शिकवली मी!

सरांच्या जिभेला धार होती, पण जीभ तरी परवडायची. गप्प राहून जे करायचे ते वाईट. लॅबमधलं विद्यार्थ्यांचं खातं रोज संध्याकाळी मशीन रीस्टार्ट केलं की आपोआप पुसलं जाईल, अशी त्यांनी व्यवस्था केली होती. काम ठेवायचं असेल तर सर्वरवरच्या फोल्डरमध्ये ठेवायचं, असा बोर्ड दारावर लावलेला. सेकंड इयरची एक मुलगी एकदा दुपारपासून प्रोजेक्ट टाइप करत होती आणि जपून, दर दहा मिनिटांनी, डेस्कटॉपवर सेव्ह करत होती. सर तिच्यामागे तीनदा येऊन उभे राहिले. तीनदा. मी काचेतून बघत होते. मला वाटलं, आता सांगतील. पाच वाजले, सर पल्लवीला म्हणाले, "सब रीस्टार्ट." पल्लवी म्हणाली, "सर, तिचं काम डेस्कटॉपवर आहे." सर म्हणाले, "वाचता येतं ना तिला? रीस्टार्ट."

चाळीस पडदे काळे झाले. मुलगी माऊस हलवत राहिली. सर तिच्याजवळ गेले आणि अगदी मायेनं म्हणाले, "बेटा, अब ज़िंदगी भर नहीं भूलोगी."

दुसऱ्या दिवशी डबा खाताना सरांनी तिच्या चेहऱ्याची नक्कल करून दाखवली. माऊस हलवते आहे, हलवते आहे, तोंड उघडं. हुबेहूब. आम्ही सगळे पोट धरून हसलो. पल्लवी उठून हात धुवायला गेली.

त्यांचं तिच्याशी खरं बिनसलं ते एका साध्या गोष्टीवरून. बाहेरच्या कॉलेजचे काही लोक लॅब बघायला आले होते. सर हात पाठीमागे बांधून सांगत होते की आमच्याकडे शिस्त आहे, आमचे पणजोबा होळकर दरबारात दफ्तर सांभाळत, ती शिस्त रक्तातच आहे. आमच्या मशीनवर कितीही अपडेट आलं तरी आम्ही केव्हाही, कितीही मागे जाऊ शकतो. पल्लवी तिथेच बसली होती. ती म्हणाली, "सर, कितीही नाही. मशीन दोनच प्रती ठेवतं, आत्ताची आणि तिच्या आधीची. तिसरी आली की सर्वांत जुनी जाते. ती ठेवायची तर खिळा ठोकून ठेवावी लागते."

खिळा म्हणजे एक कमांड. एखादी चांगली प्रत त्यानं पक्की केली की मग कितीही अपडेटं येऊ देत, ती पुसली जात नाही. पल्लवीचं बरोबर होतं. पाहुणे माना डोलवायला लागले, एकानं तर वहीत लिहून घेतलं. सर हसून म्हणाले, "बघा, किती तयार केलीय मी हिला. शिस्त शिकवावी लागते हो." त्यावर पल्लवी, तीही हसतच, म्हणाली, "शिस्त घरूनच घेऊन आले, सर. आमच्याकडे ती पलटणीतून आलीय."

पाहुणे हसले. सर त्या दिवसापासून तिच्याशी फार गोड बोलायला लागले. मी आपली मूर्ख, मला वाटलं, झालं, जमलं यांचं.

त्यानंतर महिन्याभरात एके दिवशी सरांनी चाळीसही मशीनवर पल्लवीनं ठोकलेला खिळा तिलाच काढायला लावला. डिस्क छोट्या आहेत, जागा खातो, हे कारण. खोटं नव्हतं ते, डिस्क छोट्याच होत्या.

आता त्या शुक्रवारचं. रविवारी आमच्या लॅबमध्ये हिंदी टायपिंगची परीक्षा होती. क्लार्कच्या नोकरीला ते सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे आजूबाजूच्या गावांतून मुलंमुली येतात. हिंदी टायपिंग दोन तऱ्हांनी होतं, एक जुन्या टाइपरायटरच्या कळांप्रमाणे आणि दुसरं नव्या मांडणीनं. गावातल्या क्लासमध्ये शिकवतात ती जुनी. शुक्रवारी सकाळी अपडेट आलं, आणि पल्लवीच्या लक्षात आलं की नव्या प्रतीत जुनी मांडणी गायब आहे.

दुपारी तीनच्या सुमाराला ती सरांना म्हणाली, "सर, सगळी मशीनं कालच्या प्रतीवर परत नेऊ आणि तिला खिळा ठोकू. रविवार निघून जाईल." लॅबमध्ये ती, सर, आणि पाण्याचे जग भरणारा आमचा प्यून रामसिंग. इकडे मी.

सर म्हणाले, "आत्ताच अजून एक अपडेट आलंय. त्यात दुरुस्ती असणार. ते लाव सगळ्यांना."

"सर, असणार म्हणजे? एका मशीनवर लावून बघू ना आधी. सगळ्यांवर लावलं आणि त्यातही नसली, तर कालची प्रत पुसली जाईल. मग परतीला काही राहणारच नाही."

"तू मला शिकवणार?"

"नाही सर, मी फक्त..."

"पल्लवी. हात चालव. तोंड नको."

कळांचा आवाज आला. एकेक मशीन बंद-चालू होत गेलं. मग पल्लवी म्हणाली, "चाळीस झाले, सर." रामसिंगनं जग ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. सर पुन्हा कचोरी खायला गेले असतील, किंवा घरी. पल्लवीनं शनिवारी दिवसभर एकेक मशीन तपासलं. जुनी मांडणी कुठेच नव्हती. सरांना तिनं सात वेळा फोन केला. सर देवासला लग्नाला गेले होते.

रविवारी पहिल्या बॅचला चाळीस जण बसले. पाच मिनिटांत गलका. कळ एक दाबायची, उमटायचं भलतंच. पल्लवी या मशीनवरून त्या मशीनवर पळत होती, बंद-चालू करत होती, यादी उघडत होती. पहिली ओळ खराब, दुसरीही खराब. साधी मशीनं असती तर ती मांडणी तिनं पाच मिनिटांत घातली असती, पण गाभ्याला कुलूप. जुनी प्रत सर्वरवरून पुन्हा उतरवायची तर अर्धा दिवस. गौतमपुऱ्याहून पहिल्या बसनं आलेली एक बाई होती, तिशीची, मंगळसूत्र दातात धरून टाइप करणारी. तिनं माझा पदर धरला. "मैडम, देखो ना, मेरी उँगली तो सही पड़ रही है." मी म्हटलं, हाँ हाँ, हो जाएगा. काय होणार होतं? तिला वयाच्या अटीमुळे ती शेवटची संधी होती, हे तिनं सांगितलं तेव्हा मी पाणी आणायला म्हणून निघून गेले.

साडेनऊला सर आले. हात पाठीमागे. दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मराठी सोडून चांगल्या खणखणीत हिंदीत म्हणाले, "पल्लवी! ये तुमने क्या कर दिया?"

पोरं तिच्याकडे वळली. कुणीतरी शिवी दिली. ती मशीनसमोर वाकलेली होती, ती तशीच वाकलेली राहिली.

परीक्षा रद्द झाली. सोमवारी डायरेक्टर साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी. टेबलावर कागद: शुक्रवारी दुपारी चाळीस मशीनना अपडेट, खातं पल्लवी वानखेडे. त्याच्या महिनाभर आधी खिळा काढला, खातं पल्लवी वानखेडे. तीन वर्षांत त्या लॅबमध्ये जे जे झालं त्या सगळ्यावर तिचंच नाव होतं. सरांचं नाव शोधून सापडत नव्हतं. त्या माणसानं त्या लॅबमध्ये कधी काही केलंच नव्हतं.

पल्लवी म्हणाली, "सरांनी सांगितलं म्हणून केलं. मी नको म्हणाले होते."

सर म्हणाले, "बच्ची है, घबरा गई है." आवाजात इतकी माया, की मला त्या प्रोजेक्टवाल्या मुलीची आठवण झाली.

डायरेक्टर साहेब माझ्याकडे वळले. "जोग मॅडम, आप तो बगल में ही बैठती हैं. शुक्रवार को कुछ सुना?"

माझं रिटायरमेंट चार वर्षांवर. सर मला काही करू शकत नव्हते. कुणी मला धमकी दिली नव्हती, कुणी आमिष दाखवलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्यानंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं सांगून बघितली आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. मी म्हटलं, "सर, मैं रजिस्टर लिख रही थी. ध्यान नहीं था."

पल्लवीनं माझ्याकडे बघितलं. रागानं असतं तर बरं झालं असतं. माझं वाक्य अजून पूर्ण व्हायचंय, असं समजून ती वाट बघत होती.

कॉन्ट्रॅक्ट त्याच आठवड्यात संपवलं. परमनंटचं लेटर टाइप होऊन सहीला गेलेलं होतं, ते ऑफिसातल्या मुलीनं फाडलं. जायच्या दिवशी पल्लवी माझ्याकडची दोन पुस्तकं परत करायला आली. मी कार्डावर शिक्का मारला. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "आईला काय सांगितलंस?"

तिनं पार्टिशनकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, ही काच अजून बसवली नाही का?"

"सांगितलंय गं मी ऑफिसला," मी म्हटलं.

ती गेली. मी दोन-तीनदा फोन केला, तिनं उचलला नाही. चांगलं केलं.

सर पुढे दोन वर्षं होते. लॅब सुरेख चालली, खोटं नाही बोलणार. नवा टेक्निशियन आला, तो हो सर, जी सर करायचा. आता प्रत्येक मशीनवर एक प्रत खिळा ठोकून ठेवलेली असायची, आणि येणाऱ्या पाहुण्यांना सर सांगायचे की ही पद्धत मी बसवली. मग त्यांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, डायरेक्टर साहेबांचं भाषण, की दिघे सरांनी संस्थेला कधी मागे वळून बघायची वेळ येऊ दिली नाही. मी टाळ्या वाजवल्या.

समारंभानंतर ते लायब्ररीत आले. जाणाऱ्या माणसाच्या कागदावर लायब्ररियनची सही लागते, की याच्याकडे आमचं पुस्तक नाही. मी सही केली. ते उभेच राहिले. रुमालानं कपाळ टिपलं, अंगावरची शाल नीट केली.

"जोग मॅडम, एक गंमत सांगू? आता काय, चाललोच आहे मी." आवाज अगदी हलका, घरगुती. "त्या पोरीच्या भानगडीत डायरेक्टरनी मला विचारलं होतं, उस दिन वहाँ और कौन था? रामसिंग होता, तुम्ही होतात. मी तुमचंच नाव दिलं."

"माझं?"

"रामसिंग बोलला असता हो. अडाणी माणूस, त्याला काय! तुम्ही बोलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं."

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि नमस्कार केला. टोमणा नव्हता त्यात. खरोखरच आभार मानत होते. मी उठून उभी राहिले, दारापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. बोलायला दोन वर्षांचं साचलेलं होतं, आणि समोर तो माणूस एकटाच होता.

"सर," मी म्हटलं, "सावकाश जा. बायपासला ट्रॅफिक असतं यावेळी."